माँटाजमध्ये कुणी झोपत नाही

'दंगल'मधलं ते गजराचं घड्याळ आठवतंय? महावीर फोगाट मुलींना पहाटे पाचला उठवायला लागतो आणि मुलींचं पहिलं बंड होतं ते त्या घड्याळाविरुद्ध. गजराशी खोड्या करायच्या आणि थोडी झोप चोरायची. आपण हसतो. मग मैत्रिणीच्या लग्नाचा प्रसंग येतो. नवरी म्हणून बसलेली ती पोर त्यांना सुनावते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. त्यानंतर गीता आणि बबिता स्वतःहून उठायला लागतात. मुलींना शहाणपण आलं, हे सिनेमा कशावरून दाखवतो? त्यांनी झोप सोडली यावरून.

मला 'दंगल' आवडतो. २०१६च्या डिसेंबरात तो आला तेव्हा मी इंजिनीअरिंगला होतो. आमच्या होस्टेलवरची अर्धी पोरं दुसऱ्या दिवसापासून जोर-बैठका काढायला लागली. आठवड्याभरात त्यातली बहुतेक पुन्हा कॅन्टीनला दिसली ही गोष्ट वेगळी. सिनेमा चांगला की वाईट हा माझा मुद्दा नाही. आपले खेळाचे सिनेमे शरीराबद्दल जी गोष्ट सांगतात, ती शरीर खरंच जसं घडतं त्याच्या बरोबर उलटी का असते, हा आहे.

घाम दिसतो, डागडुजी दिसत नाही

खेळाच्या सिनेमात एक जागा ठरलेली असते. नायक हरलेला किंवा नवखा असतो, गाणं सुरू होतं आणि पुढच्या तीन-चार मिनिटांत महिने निघून जातात. पळणं, उड्या, दोरखंड, घाम, पडणं, उठणं. गाणं संपतं तेव्हा नायक तयार असतो. याला माँटाज म्हणतात. १९७६च्या 'रॉकी'ने फिलाडेल्फियाच्या पायऱ्यांवर तो असा काही रुजवला की त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक खेळपटात त्याच पायऱ्या वेगवेगळ्या वेषात येतात. 'भाग मिल्खा भाग'मध्ये (२०१३) त्याची जागा टायर घेतो. मिल्खा कमरेला टायर बांधून डोंगरात धावतो आणि घामाने भिजलेला बनियन भांड्यात पिळतो. भांडं भरलं की मेहनत पूर्ण. घाम हे तिथे मोजमाप आहे.

आता शरीराकडे बघू. सर्व्हरवर लोड टाकला तर सर्व्हर दमतो, पण दमून मजबूत होत नाही. शरीर मजबूत होतं. मात्र लोड असताना नाही, लोड काढल्यावर. धावताना किंवा वजन उचलताना स्नायूंचे धागे दुखावतात, त्यांतला ग्लायकोजेनचा साठा संपत जातो, हाडांवर सूक्ष्म ताण येतो. मैदान सोडताना आपण सकाळपेक्षा कमजोर असतो. पुढच्या तासांत आणि दिवसांत, जेवणातून आणि झोपेतून, शरीर डागडुजी करतं आणि ती करताना आधीपेक्षा थोडं जास्त बांधून ठेवतं. स्नायूंतला साठा नीट जेवलं तर साधारण दिवसभरात भरतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागू शकतो. स्नायूबंध आणि हाडं तर आठवड्यांच्या, महिन्यांच्या हिशोबात चालतात. म्हणजे माँटाजमध्ये जे दिसतं ती फक्त मागणी. पुरवठा होतो तो दोन शॉट्सच्या मधल्या कटमध्ये. ज्या वेळात नायक खरोखर घडतो, नेमका तोच वेळ एडिटर कापून टाकतो.

हे मोजायची एक जुनी पद्धत आहे. कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर या संशोधकाने १९७०च्या दशकात एक साधं गणित मांडलं. प्रत्येक सरावातून दोन गोष्टी तयार होतात, क्षमता आणि थकवा. क्षमता हळूहळू जमते आणि हळूहळूच ओसरते. थकवा चटकन चढतो आणि चटकन उतरतो. स्पर्धेच्या दिवशी तुमच्या हातात उरते ती या दोन्हींमधली वजाबाकी. आज घड्याळांत आणि धावण्याच्या ॲपमध्ये जे 'फिटनेस' आणि 'फ्रेशनेस'चे आलेख दिसतात, त्यांचं मूळ याच विचारात आहे. रूढ पद्धतीत क्षमतेसाठी ४२ दिवसांचा आणि थकव्यासाठी ७ दिवसांचा कालांक धरतात.

मी एका रविवारी हे दहा ओळींच्या कोडमध्ये चालवून पाहिलं. समजा, कुणी शून्यापासून सुरुवात करून सहा आठवडे एकही दिवस न चुकवता रोज १०० एकक सराव केला. बेचाळिसाव्या दिवशी क्षमता दिसते ६३ आणि थकवा जवळजवळ १००. वजाबाकी उणे ३६. आता दहा दिवस पूर्ण सुट्टी द्या. क्षमता उतरून ५० वर येते, म्हणजे थोडं हातचं जातं. पण थकवा कोसळून २४ वर येतो. वजाबाकी अधिक २६. माणूस तोच, शिवाय दहा दिवसांत त्याने काहीच केलेलं नाही, तरी धावायला उभा राहिला तर तो वेगळा माणूस आहे. प्रत्यक्षात जाणते प्रशिक्षक पूर्ण सुट्टी देत नाहीत. स्पर्धेआधीचे दोनेक आठवडे सरावाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आणतात आणि वेग तेवढा शाबूत ठेवतात. तत्त्व तेच.

दोन आकड्यांत शरीर मावत नाही हे उघड आहे. या गणिताला नडगीचं हाड माहीत नाही, घरातलं भांडण माहीत नाही, मासिक पाळी माहीत नाही. तरीही माँटाजपेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे. त्यात थकवा हा खर्चाच्या रकान्यात येतो. सिनेमात तो जमेच्या रकान्यात असतो.

आराम म्हणजे पाप

'दंगल'चा उत्तरार्ध या दृष्टीने पाहा. गीता राष्ट्रीय अकादमीत जाते. पहिल्यांदाच तिला मोकळा वेळ मिळतो. ती टीव्ही बघते, बाजारात जाते, चटपटीत खाते, केस वाढवते, नखं रंगवते. आणि मग ती हरायला लागते. एकापाठोपाठ एक. सिनेमा या दोन गोष्टी इतक्या जवळ ठेवतो की कार्यकारणभाव आपल्या मनात आपोआप जुळतो. तिथला प्रशिक्षक, गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला तो कदम, सिनेमाचा खलनायक आहे. त्याची खेळाची समज कच्ची आहे असं सिनेमाला म्हणायचंय आणि ते म्हणायचा त्याला हक्क आहे. पण त्यासाठी पुरावा म्हणून तो काय वापरतो? मुलीचे केस आणि पाणीपुरी.

एखाद्या खेळाडूची कामगिरी घसरली तर शंभर कारणं असू शकतात. नवं तंत्र अंगात मुरायला लागणारा काळ, वजनगट, दुखापत, वरच्या पातळीवरचे प्रतिस्पर्धी. अतिसराव हेही त्यातलंच एक कारण, आणि लहानपणापासून एका खेळाला जुंपलेल्या मुलांच्या बाबतीत तर आधी विचारावं असं. सिनेमाला यातलं काही नको असतं. त्याला हवी असते शिथिलता, आणि शिथिलतेचा इलाज म्हणून पुन्हा पहाट, पुन्हा बाप. मोकळा वेळ आणि पराभव यांची अशी गाठ एकदा बसली की ती सुटत नाही.

गंमत म्हणजे याच सिनेमाच्या निर्मितीची गोष्ट नेमकी उलट आहे. आमिर खानने आधी वजन वाढवलं आणि उतारवयातल्या महावीरचे प्रसंग केले. मग चित्रीकरण थांबवलं गेलं. त्याला काही महिने मिळाले, सोबत प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ मिळाले. शरीर पुन्हा घडलं, मग तरुण महावीरचे प्रसंग झाले. त्या काळातले त्याचे व्हिडिओ तेव्हा आपण सगळ्यांनी बघितले, फॉरवर्ड केले. सिनेमाने नटाच्या शरीराला वेळ दिला. गोष्टीतल्या मुलींच्या शरीराला मात्र एक गाणं दिलं.

यावर कुणी म्हणेल, अरे बाबा, सिनेमा आहे तो. झोपलेला माणूस तीन मिनिटं दाखवणार का? दाखवू नका. पण आपला सिनेमा वाट बघणं उत्तम दाखवतो. प्रियकर पत्राची वाट बघतो, आई मुलाची वाट बघते, शेतकरी पावसाची. तिथे काहीच घडत नसतं आणि तरी आपण बघतो, कारण त्या थांबण्याला किंमत आहे हे दिग्दर्शकाने आपल्याला पटवलेलं असतं. खेळाडूच्या थांबण्याला किंमत आहे हे पटवायला त्याच सिनेमाला तीन सेकंदांचा एक शॉटही सापडत नाही.

काही सिनेमे या वाटेवर थोडे पुढे गेले आहेत. सौमेंद्र पाढी यांचा 'बुधिया सिंग : बॉर्न टू रन' (२०१६) घ्या. मे २००६मध्ये ओडिशातला बुधिया, वय वर्षं जेमतेम चार, पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावला. सात तास दोन मिनिटं. देश टाळ्या वाजवत होता, बालकल्याण विभाग विचारत होता की या पोराच्या शरीराचं काय. मनोज बाजपेयींनी केलेला प्रशिक्षक बिरंची दास त्या पोराला मनापासून जीव लावतो आणि त्याच जीव लावण्यातून त्याला पळवतो. सिनेमा पूर्ण निवाडा देत नाही. कधीकधी तो टाळ्यांच्या बाजूला झुकतो, हे मला खटकतं. पण पोराचं दमणं तो लपवत नाही, आणि त्या दमण्याकडे बघताना आपल्याला अभिमान वाटत नाही, भीती वाटते. घाम बघून भीती वाटायला लावणारा आपल्याकडचा मला आठवणारा हा एकच खेळपट.

दुसरा आपल्या जवळचा. 'चंदू चॅम्पियन' (२०२४), सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांवरचा. पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून. पुढे १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. म्हणजे इथे सावरणं हाच सराव होता. खेळपटाला याहून चांगला विषय कुठला? कबीर खानला तो दिसतो, आणि हॉस्पिटलमधले प्रसंग म्हणूनच सिनेमात सगळ्यात जिवंत आहेत. पण पोहण्याची तयारी सुरू झाली की पुन्हा तीच लय, तेच संगीत, तोच रेटा. जणू सावरण्याचा भाग उरकला, आता खरं काम सुरू. सिनेमाच्या प्रसिद्धीत तर पेटकरांच्या पाण्यापेक्षा कार्तिक आर्यनच्या पोटाचीच चर्चा जास्त झाली.

कोरेगावच्या मैदानावर

हे सगळं सिनेमापुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण माँटाज आता थिएटरात राहिलेला नाही, तो खिशात आलाय. तीस सेकंदांचं रील म्हणजे नुसता माँटाजच, आगापिछा काढून टाकलेला. पहाटेचा अंधार, बुटांचा आवाज, मागे भारी आवाजातलं हिंदी वाक्य, वर लिहिलेलं 'नो डेज ऑफ'.

मी मूळचा कोरेगावचा, नोकरीला हिंजवडीत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा गावी जातो आणि पहाटे धावायला मैदानावर असतो. तिथे माझ्यासारखे हौशी एक-दोघंच. घड्याळ बांधून साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारे. बाकी सगळी भरतीची पोरं-पोरी. कुणी पोलीस भरतीची, कुणी अग्निवीरची. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५. आमच्यासाठी धावणं हा छंद आहे, त्यांच्यासाठी ती नोकरी आहे, आणि वयाची अट डोक्यावर टांगलेली आहे. पाच सेकंद इकडेतिकडे झाले की गुण जातात आणि गुणांवर घर अडलेलं असतं.

माझा मावसभाऊ त्यांच्यातलाच. पहाटे पाचला मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान, मधल्या वेळेत अभ्यासिका. आठवड्याचे सातही दिवस. गेल्या वर्षी त्याची नडगी दुखायला लागली. त्याने पट्टी बांधली आणि धावला. शेवटी एक्स-रे, मग एमआरआय, मग कळलं की हाडाला बारीक भेग आहे. डॉक्टरांनी दोन महिने धावणं बंद केलं. त्या दोन महिन्यांतच मैदानी चाचणी होऊन गेली. मैदानावर बघितलं तर असं दुखणं घेऊन फिरणारा तो एकटा नाही. नडगीला काळी पट्टी हा तिथे जवळजवळ गणवेशाचा भाग आहे.

आता मला सोपं वाक्य टाकता आलं असतं, की या पोरांना विश्रांतीचं महत्त्व कळत नाही. पण मी त्याचा आठवडा कागदावर मांडून पाहिला आणि मग ते वाक्य लिहवलं नाही. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात उसाला पाणी द्यायला रात्री रानात जावं लागतं, मोटर चालू करायची, बाऱ्या बदलायच्या. घरात वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे ते काम याचं. मध्यरात्री अंथरुणाला पाठ लागते आणि साडेचारला गजर. दुपारी डुलकी काढावी तर अभ्यासिकेची फी भरलेली. खाण्यात भाकरी आणि कालवण, अंडी परवडतील तशी. बॅनिस्टरच्या गणितात त्याचा रोजचा सराव १०० धरला तर रानातल्या रात्रीचे किती धरायचे? कुठल्याच घड्याळात तो रकाना नाही. माझं घड्याळ मला सांगतं, अजून ३८ तास विश्रांती घ्या. मी घेऊ शकतो. वर्क फ्रॉम होम आहे, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसता येतं.

खेळपट गरिबीकडे इंधन म्हणून बघतात. दुष्काळ, भूक, अनवाणी पाय, आणि त्यातून पेटलेला नायक. गरिबीत खरं काय होतं तर शरीराची डागडुजी थकते. झोप कमी, प्रथिनं कमी, अंगमेहनत जास्त. जो नायक त्यातून वर येतो तो गरिबीमुळे येत नाही, गरिबी असूनही येतो, आणि त्याच्याबरोबर पळणाऱ्या वीस जणांची नडगी वाटेत जाते. त्या वीस जणांवर सिनेमा निघत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की माँटाज चालतो.

दम खा

वाईट याचं वाटतं की हे शहाणपण बाहेरून आणायची आपल्याला गरज नव्हती. ते आपल्या बोलण्यात आहे. 'दम' हा शब्द घ्या. त्याच्यात दम आहे म्हणजे ताकद आहे. त्याला दम लागला म्हणजे ताकद संपली. जरा दम खा म्हणजे थांब, विसावा घे. दम धर म्हणजे धीर धर. ताकद, थकवा, विश्रांती आणि संयम या चारही गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, जणू त्या एकाच चक्राच्या चार बाजू आहेत. रीलवाल्यांनी त्यातला पहिला अर्थ तेवढा ठेवला.

रानात तर हे उघडच दिसतं. आमच्याकडचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण जुनी माणसं घेवड्याचं मोल फक्त बाजारभावात करत नाहीत, बेवडातही करतात. घेवडा निघालेल्या रानात पुढचं पीक चांगलं येतं. एकाच रानातून सारखं तेच पीक ओरबाडलं तर रान हटतं, हे सांगायला त्यांना कुणाचा आलेख लागत नाही. सातारा-सांगलीकडे आषाढात बेंदूर असतो. त्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढलेले खांदे हळद आणि तूप लावून मळतात आणि सणाच्या दिवशी बैलाला कामाला लावत नाहीत. बैलाच्या खांद्याला सुट्टी द्यायची हे ज्या गावाला कळतं, त्या गावाला पोराच्या नडगीचं कळू नये?

तालमीतही ते होतं. पहाटेची मेहनत आपण ऐकलेली असते, हजार जोर, हजार बैठका. पण तालमीचा दिवस तेवढाच नसतो. मेहनतीनंतर मालीश असते, थंडाई असते, खुराक असतो, दुपारची झोप असते. ती झोप लाड म्हणून नसते, दिनक्रम म्हणून असते. जत्रांचा हंगाम असतो आणि हंगाम नसलेले महिनेही असतात. मी तालमीचं गोडवं गाणार नाही. तिथेही मोडलेली शरीरं आहेत, वस्तादाच्या शब्दापुढे न बोलण्याची सक्ती आहे, आणि मुलींना कितीतरी काळ दारच बंद होतं. पण निदान विश्रांतीची व्यवस्था तिथे वस्तादाची जबाबदारी होती. पैलवानाच्या मनाचा कमकुवतपणा नव्हती. आपल्या कुस्तीच्या सिनेमांनी तालमीतली माती घेतली, लंगोट घेतला, शड्डू घेतला. दुपार तेवढी सोडली.

मधला दिवस, मधला अर्धा तास

इथे मला माझ्या जिल्ह्यातल्या दोन गोष्टी आठवतात आणि दोन्हींत महत्त्वाचं जे आहे ते मधल्या वेळेत आहे.

पहिली ललिता बाबरची. माण तालुक्यातल्या मोहीची. रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ला तिने ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४मध्ये पी. टी. उषा गेली, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत गेलेली ही पहिली भारतीय बाई. १५ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. ९ मिनिटं २२.७४ सेकंद, दहावा क्रमांक. तीन सेकंदांच्या फरकाचं खापर थकव्यावर फोडणं चुकीचं ठरेल, अंतिम शर्यतीची चाल वेगळी असते. पण उद्या ललितावर सिनेमा निघाला तर त्यात १३ ऑगस्ट असेल आणि १५ ऑगस्ट तर असेलच, तारीखच तशी आहे. १४ ऑगस्ट नसेल. आयुष्यातली सगळ्यात वेगवान शर्यत धावून झालीय, त्याहून मोठी उद्या आहे, आणि आज काहीच करायचं नाहीये. ते 'काहीच न करणं' किती अवघड असेल! मला तो दिवस बघायचाय.

'दंगल'चा पुढचा भाग तर वास्तवानेच लिहिला. गीताची चुलत बहीण विनेश फोगाट ६ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली, पहिली ऑलिंपिक विजेत्या युई सुसाकीविरुद्ध. तीन कुस्त्यांनंतर शरीराला हवं असतं पाणी, जेवण आणि झोप. तिची रात्र गेली पाणी तोडून वजन उतरवण्यात. सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरले आणि अंतिम कुस्ती झालीच नाही. नंतर कितीतरी दिवस आपण तिच्या निश्चयाबद्दल बोललो. निश्चय कमी पडला होता का? खेळाचे नियम, वजनगटाची निवड, सोबतची माणसं, यांच्यात तिचं सावरणं कुठे बसत होतं, हा प्रश्न निश्चयाच्या गोष्टीत मावत नाही.

आणि खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण ठेवलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरापोरांना पाठ असते. परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूकही पाठ असते. 'चंदू चॅम्पियन'मधला लहानगा मुरली तीच मिरवणूक बघून पेटतो. त्यामानाने एक गोष्ट कमी सांगितली जाते. एक दमवणारी कुस्ती झाल्याझाल्या खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

ही गोष्ट नीट ऐकली तर आपल्या सगळ्या माँटाजचा पाया हलतो. खाशाबांकडे घाम कमी नव्हता. पहाट कमी नव्हती, जिद्द कमी नव्हती. कमी पडला तो अर्धा तास, आणि तो त्यांनी स्वतः कितीही मनाचा हिय्या केला असता तरी तयार झाला नसता. तो दुसऱ्या कुणीतरी मिळवून द्यायचा होता. विश्रांती ही बऱ्याचदा अशीच असते. ती खेळाडूच्या मनाची ढिलाई नसते, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचं काम असतं. घर गहाण ठेवणारे खर्डेकर ते काम करत होते. लाईटच्या पाळ्या ठरवणारे, भरतीच्या तारखा लावणारे, मैदानावर शिट्टी घेऊन उभे असलेले, पोरांना रोज नवं रील पाठवणारे आपण, या सगळ्यांच्या वाट्याला त्यातलं थोडं थोडं येतं. थकव्याला एकट्याच्या निर्धाराची परीक्षा बनवणारा सिनेमा आपल्या सगळ्यांना या कामातून मोकळं करतो. तो इतका आवडण्याचं हेही एक कारण असावं.

नागराज मंजुळे यांनी 'खाशाबा' जाहीर केला तेव्हापासून त्याच्याबद्दल मित्रांच्या ग्रुपवर बरंच बोलणं झालंय. कुस्त्या कशा असतील, माती कशी दिसेल, मिरवणूक किती मोठी असेल. माझी मागणी लहान आहे. हेलसिंकीत एक कुस्ती संपलीय. खाशाबा कडेला बसलेत, छाती भात्यासारखी हलतेय. पुढचं नाव पुकारलं जातं. ते मान वळवून आपल्या माणसांच्या जागेकडे बघतात. तिथे कुणी नाही. कॅमेरा तिथेच थांबू द्या, गाणं नको.